शब्द नजरेत बसण्याआधी कानात उतरावा लागतो

इंग्रजी वाचायला लागलेल्या मुलाच्या हातात पहिल्या काही आठवड्यांतच एक यादी पडते. द, अँड, इज, वॉज, सेड, हॅव्ह, देअर, व्हेअर. या शब्दांना साइट वर्ड्स म्हणतात. सोबत एक सूचनाही येते, की हे शब्द फोडून वाचायचे नाहीत, बघताक्षणी ओळखायचे. मग कार्ड समोर धरायचं, शब्द म्हणायचा, मुलाकडून म्हणवून घ्यायचा आणि पुढचं कार्ड उचलायचं. माझा आक्षेप यादीवर नाही. हे शब्द बघताक्षणी ओळखता आलेच पाहिजेत, नाहीतर वाचन प्रत्येक ओळीत अडखळतं. आक्षेप आहे तो तिथवर न्यायच्या वाटेवर. बघताक्षणी ओळखणं हा शिकण्याचा शेवटचा टप्पा आहे. त्यालाच पहिला टप्पा केलं की मूल शब्द शिकत नाही, शब्दाचं चित्र पाठ करतं. दहा-वीस चित्रं राहतात लक्षात. शंभर होईपर्यंत ती एकमेकांत मिसळायला लागतात.

यादी आली कुठून हे आधी बघू. एडवर्ड विल्यम डॉल्च या अमेरिकी अभ्यासकाने 1936 मध्ये मुलांच्या पुस्तकांत सतत येणारे 220 शब्द निवडले. त्यांत नामं घेतली नाहीत, नामांची 95 शब्दांची यादी वेगळी केली. पुढे एडवर्ड फ्राय यांनी 1957 मध्ये आपली यादी काढली आणि नंतर ती वाढवून 1000 शब्दांपर्यंत नेली. दोन्ही याद्या शब्द किती वेळा येतो यावर बेतलेल्या आहेत. कोणते शब्द लवकर यायला हवेत एवढंच त्या सांगतात. कसे शिकवायचे हे त्यांच्यातून निघत नाही. डॉल्चच्या काळात अख्खा शब्द एका नजरेत शिकवण्यावर भर होता, आणि ती पद्धत यादीला चिकटली ती आजवर सुटलेली नाही. वारंवार येणारा शब्द आणि नियमात न बसणारा शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात पुसलं गेलं.

डॉल्चची यादी घेऊन बसा आणि एकेक शब्द ध्वनींत फोडून बघा. अँड, कॅन, डिड, गेट, हिम, इट, जंप, बिग, रेड, रन, सिक्स, स्टॉप, अप, अस. यांत पाठ करण्यासारखं काय आहे? अक्षरांचे ध्वनी माहीत असलेलं मूल हे शब्द आपले आपण जुळवून वाचतं. दुसरा गट आज नियमाबाहेरचा वाटतो, कारण तो नियम अजून शिकवलेला नसतो. ही, शी, वी, मी, बी हे पाच शब्द एका नियमाचे आहेत. माय आणि फ्लाय दुसऱ्या, ऑल, कॉल, फॉल तिसऱ्या, राइट आणि लाइट चौथ्या. इज, हिज, हॅज, अॅज या चौघांतही शेवटचा 'एस' 'झ' म्हणतो एवढंच सांगायचं असतं. हे सगळं वजा केल्यावर जे उरतात, त्यांच्यातही बहुतेकांचं एखादंच अक्षर वाकडं चालतं. अख्खा शब्द कधीच वाकडा नसतो.

'वॉज' घ्या. स्पेलिंग डब्ल्यू-ए-एस. हा शब्द सरसकट अनियमित म्हणून शिकवला जातो. पण पहिलं अक्षर आपला नेहमीचाच ध्वनी म्हणतं. शेवटचा 'एस' 'झ' म्हणतो, जसा तो 'इज' आणि 'हिज'मध्ये म्हणतो. मधला 'ए' 'ऑ' म्हणतो, कारण त्याच्या आधी डब्ल्यू आहे. वॉन्ट, वॉश, वॉच या शब्दांतही हेच होतं. मुलाला ही तीन भावंडं शेजारी लिहून दाखवली की 'वॉज' एकटा राहत नाही.

चित्र पाठ करणाऱ्या मुलाच्या डोक्यात नेमकं काय चाललेलं असतं, हे मानसशास्त्रज्ञ फिलिप गॉफ यांच्या एका साध्या प्रयोगात फार स्पष्ट दिसलं. अजून वाचता न येणाऱ्या लहान मुलांना त्यांनी कार्डांवर चार शब्द शिकवले. एका कार्डाच्या कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा होता. ठशाचं कार्ड मुलं सगळ्यांत आधी शिकली. मग तोच शब्द ठशाशिवाय दाखवला तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांना तो वाचता आला नाही. शब्द काढून नुसता ठसा दाखवला तर जवळजवळ सगळ्यांनी तो शब्द म्हणून दाखवला. मुलं खोटं वागत नव्हती, आळशीही नव्हती. त्यांना ओळखायला सांगितलं होतं आणि त्यांनी सगळ्यांत सोपी खूण धरली. असाच दुसरा अभ्यास 1984 चा आहे. दुकानातल्या पाट्या आणि वेष्टनं 'वाचणाऱ्या' लहान मुलांना पेप्सीचं चिन्ह पहिलं अक्षर बदलून दाखवलं, 'पी'च्या जागी 'एक्स'. वाचता न येणाऱ्या मुलांनी पेप्सीच म्हटलं, बदललेलं अक्षर त्यांच्या ध्यानातही आलं नाही. घरातल्या कार्डांवरही हेच घडतं. दुमडलेला कोपरा, रंगीत चौकट, शब्दाशेजारचं चित्र, 'लुक'मधले दोन डोळ्यांसारखे 'ओ', गठ्ठ्यातला ठरलेला क्रम. मूल यांतलं काहीही धरतं आणि आपण समजतो की शब्द आला.

पक्का वाचक शब्द कसा साठवतो, यावर वाचनाच्या अभ्यासक लिनिया एरी यांनी अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं आहे. शब्द तोंडी माहीत असतो, म्हणजे त्याचे ध्वनी आणि अर्थ डोक्यात आधीपासून असतात. वाचताना प्रत्येक ध्वनी आपापल्या अक्षराशी सांधला जातो. हा सांधा पक्का झाला की पुढच्या वेळी अक्षरं दिसताक्षणी उच्चार आणि अर्थ एकदम वर येतात. म्हणजे साइट वर्ड ही शब्दांची वेगळी जात नाही. पक्क्या वाचकाला जवळजवळ प्रत्येक ओळखीचा शब्द साइट वर्डच असतो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंदूलहरींच्या एका अभ्यासात प्रौढांना नवी लिपी दोन तऱ्हांनी शिकवली, काही शब्द अक्षर-ध्वनी जुळवून आणि काही अख्खे. अक्षर-ध्वनी जुळवून शिकलेले शब्द वाचताना मेंदूच्या डाव्या भागात हालचाल दिसली, पक्क्या वाचकांत दिसते तशी. अख्ख्या शिकलेल्या शब्दांना उजवी बाजू जास्त कामाला लागली. पाठ करायची शक्ती तीच होती, ती भलत्याच ठिकाणी खर्च झाली.

आता प्रत्यक्ष शिकवणं. उदाहरणाला 'सेड' घेऊ, स्पेलिंग एस-ए-आय-डी. कार्ड अजून बाहेर काढायचं नाही. आधी शब्द तोंडी येऊ द्या. दोन-तीन वाक्यांत वापरा, मुलाला वापरायला लावा. मग विचारा, यात किती आवाज आहेत? प्रत्येक आवाजाला एक बटण किंवा बी पुढे सरकवायची. स, ए, ड, म्हणजे तीन. कागदावर तीन चौकोन आखा, अक्षरं चार असली तरी चौकोन तीनच. पहिल्या चौकोनात काय येईल हे मूल स्वतः सांगतं. शेवटच्यातलंही सांगतं. मधल्यासाठी ते बहुधा 'ई' म्हणेल, 'रेड' आणि 'बेड'मध्ये असतो तसा. ते उत्तर चूक म्हणून झिडकारू नका. मुलाने नीट ऐकलं आहे याचा तो पुरावा आहे. सांगा, की या शब्दात इथे 'ए-आय' ही दोन अक्षरं मिळून हा आवाज देतात, आणि एवढाच तुकडा लक्षात ठेवायचा. त्या दोन अक्षरांखाली रेघ ओढा. 'से'पासून 'सेड' झाला, तिथेही 'ए' आहेच, हे दाखवलं तर तुकडा आणखी घट्ट बसतो. नंतर मुलाने आवाज म्हणत म्हणत शब्द लिहायचा, झाकायचा, पुन्हा लिहायचा. शेवटी तो एका वाक्यात वाचायचा. एका शब्दाला याला तीन-चार मिनिटं पुरतात.

दिवसाला असा एकच नवा शब्द घ्या. आठवड्यात तीन ते पाच, आणि त्यांत वाकडा तुकडा असलेले दोन-तीनच. दुसऱ्या दिवशी, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने तो शब्द पुन्हा वाचायला आणि लिहायला यावा. अक्षर-ध्वनी पक्के असतील तर बहुतेक मुलांना चार-पाच भेटींत शब्द बसतो. काहींना याच्या कितीतरी पट सराव लागतो. तेव्हा यादी पुढे रेटू नका, आधी ध्वनी फोडण्याचं काम वाढवा. शब्द बसत नाही याचं कारण बहुतेक वेळा स्मरणशक्ती नसतं. मुलाला 'सेड'चे तीन आवाज सुटे ऐकू येत नसतात, आणि आवाजच सुटे नसतील तर अक्षरं कशाला सांधायची?

कार्डं फेकून द्या असं मी म्हणत नाही. शिकवून झालेल्या शब्दांची उजळणी करायला ती चांगली आहेत. त्यासाठी एक जुनी, चोख पद्धत आहे. नऊ येणारी कार्डं आणि एक नवं घ्या. आधी नवं दाखवा, मग एक येणारं. पुन्हा नवं, मग येणारी दोन. पुन्हा नवं, मग तीन. असं नऊपर्यंत. नव्या शब्दाच्या दोन भेटींतलं अंतर हळूहळू वाढत जातं, आणि मूल बहुतांश वेळ बरोबर वाचत असल्याने थकत नाही. फक्त कार्डांचा क्रम रोज बदला, अक्षराचं वळण अधूनमधून बदला, आणि कार्डावर चित्र नको. चित्र असलं की डोळा आधी चित्राकडे जातो. 'द', 'ऑव्ह', 'वॉज' यांची तर चित्रं निघतच नाहीत.

कोणते शब्द एकत्र आणि कोणते लांब ठेवायचे, यात बरीच गडबड होते. कुड, वुड, शुड एकत्र शिकवा, कारण तिघांत 'ओ-यू-एल-डी' हा एकच तुकडा आहे. कम आणि सम एकत्र. हिअर, देअर, व्हेअर एकत्र, कारण तिघेही जागेबद्दलचे शब्द आहेत आणि तिघांच्या पोटात 'हिअर' लिहिलेला आहे. आकडा 'टू'मधला डब्ल्यू मुका का, हे ट्विन, ट्वाइस, ट्वेंटी यांच्या शेजारी ठेवलं की लक्षात येतं. उलट 'वॉज' आणि 'सॉ', 'ऑन' आणि 'नो', 'फॉर' आणि 'फ्रॉम', दोन्ही 'देअर' हे एका दिवशी शिकवू नका. दोघांतला फरक दाखवायला म्हणून त्यांना शेजारी ठेवलं जातं, आणि नेमका तिथूनच गोंधळ सुरू होतो. एक पक्का होऊ द्या, दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग दुसरा आणा.

मराठी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तीन चुका मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. पहिली, स्पेलिंगचं सुरात पाठांतर. 'डब्ल्यू-ए-एस वॉज, डब्ल्यू-ए-एस वॉज'. डब्ल्यू या नावात त्या अक्षराचा आवाजच नाही. एचच्या नावात 'ह' नाही, वायच्या नावात 'य' स्पष्ट नाही. अक्षरांच्या नावांवरून शब्दापर्यंत पोहोचताच येत नाही. मग मूल ती ओळ पाढ्यासारखी म्हणतं, आणि तोच शब्द पुस्तकात भेटला की गप्प बसतं. दुसरी, इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून देणं. 'सेड' असं खाली लिहिलं की डोळा आपल्या ओळखीच्या लिपीवर जातो आणि वरच्या चार अक्षरांना कामच उरत नाही. हेतू मदतीचा असतो, आणि तीच मदत सांधा जुळू देत नाही. शिवाय देवनागरीत व्ही आणि डब्ल्यू दोघांना आपण सहज 'व' लिहितो. 'ऑव्ह'ला आपण 'ऑफ' म्हणतो, त्यामुळे एक एफ आणि दोन एफ असलेले दोन वेगळे शब्द मुलाच्या कानात एकच होतात. इंग्रजीत एफ हे अक्षर 'व्ह' म्हणणारा 'ऑव्ह' जवळजवळ एकटाच आहे. त्याचा उच्चार आधी नीट करून घ्यावा लागतो.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी. घरात इंग्रजी ऐकू न येणाऱ्या मुलाकडे 'द', 'ऑव्ह', 'वेअर', 'विच' हे शब्द बोलण्यातच नसतात. एरींच्या सांध्याला तीन टोकं लागतात, आवाज, अक्षर आणि अर्थ. इथे अर्थाचं टोक गायब आहे. अशा मुलाला 220 शब्दांची यादी देणं म्हणजे बी नसलेल्या जमिनीला पाणी घालणं. आधी काही महिने गोष्टी ऐकवा, गाणी म्हणा, छोटी वाक्यं तोंडी खेळवा. 'इट वॉज हिअर', 'ही सेड नो'. शब्द जिभेवर रुळला की कागदावर तो लवकर बसतो. हा वेळ वाया गेला असं पालकांना वाटतं, कारण वहीत काही दिसत नाही. पण याशिवाय पुढचं सगळं पोकळ राहतं.

एक आक्षेप रास्त आहे. नियम शिकवून होईपर्यंत मुलाने वाचायचंच नाही का? 'द', 'अ', 'आय', 'टू', 'इज', 'वॉज' यांच्याशिवाय साधं वाक्यही बनत नाही. मान्य. म्हणून सुरुवातीला दहा-पंधरा शब्द थोडे आधी द्यावे लागतात, तेही वर सांगितल्यासारखे आवाज मोजून आणि वाकडा तुकडा दाखवून. दहा-पंधरा आणि दोनशे वीस यांत मात्र फार फरक आहे. दुसरा आक्षेप असा, की अख्खे शब्द पाठ करून वाचायला लागलेली मुलंही असतातच. असतात. त्यांतली बरीच मुलं शब्द बघता बघता अक्षर-ध्वनीचं नातं स्वतःच हेरतात. जी हेरू शकत नाहीत ती दुसरी-तिसरीत अडकतात, जेव्हा पुस्तकातली चित्रं कमी होतात आणि शब्द वाढतात. पद्धत निवडायची ती या मुलांकडे बघून.

आता मराठीबद्दल. इंग्रजीचं बघून 'मराठी साइट वर्ड्स'चे शंभर-शंभर शब्दांचे तक्ते निघाले आहेत. देवनागरीत अक्षर आणि आवाज यांचं नातं इतकं सरळ आहे की 'घर', 'पण', 'मग', 'नाही' हे शब्द चित्रासारखे पाठ करवणं मला मुळीच पटत नाही. आपली अडचण वेगळीच आहे. 34 व्यंजनं गुणिले 12 स्वरचिन्हं, म्हणजे 408 रूपांची बाराखडी आधी पुरी करायची आणि जोडाक्षरं सगळ्यांत शेवटी, हा क्रम रूढ आहे. पण गोष्टीचं पहिलं पान उघडा. त्या, त्याने, त्याच्या, म्हणून, म्हणाला, नव्हता, दुसऱ्या. मराठीत सतत येणारे शब्दच जोडाक्षरांचे आहेत. बाराखडी पाठ असलेलं मूल 'त्या'ला 'तया' वाचतं, 'म्हणून'ला 'महणून', 'नव्हता'ला 'नवहता'. हे शब्द लवकर यायला हवेत, आणि तेही फोडूनच. अर्धा 'त' ऐकवा, त्याला 'या' जोडा, मग 'च्या', मग 'ल्या'. त्या, च्या, म्ह, व्ह एवढ्या चार-पाच जोडण्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिल्या तर गोष्टीची पुस्तकं खूप आधी उघडतात. 'दुसऱ्या'तला 'र' आणि 'सूर्य'मधला रफार मात्र लांब ठेवा. तिथे 'वॉज' आणि 'सॉ'सारखीच गल्लत होते.

आपल्याकडेही अक्षर प्रत्येक वेळी एकच आवाज देत नाही. समाजातली 'जात' आणि 'तो जात आहे' यांतला 'ज' वेगळा, 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' वेगळा. 'कमळ' वाचताना शेवटचा 'अ' आपण गिळतो. हे कुणी पाठ करून घेत नाही. मूल जवळचा उच्चार करून बघतं, तोंडी माहीत असलेल्या शब्दाशी ताडून पाहतं आणि आपला आपण सुधारतं. इंग्रजीतही मुलाला हेच करता यावं लागतं.

शब्द खरोखर बसला की नुसता ओळखीचा झाला, हे तपासायला कार्ड उपयोगाचं नाही. 'सेड'बरोबर 'सॅड', 'पेड' (पी-ए-आय-डी) आणि 'सेल' (एस-ए-आय-एल) एका कागदावर साध्या अक्षरात लिहा आणि वाचायला द्या. मग 'सेड' न बघता लिहायला सांगा. मधेमधे 'पिब', 'यॉप' असे अर्थ नसलेले शब्दही घाला. इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिल्या इयत्तेच्या वाचन तपासणीत 40 शब्दांपैकी 20 असे बनावट असतात, कारण पाठांतराने ते वाचताच येत नाहीत. मूल जिथे अडेल तिथे उत्तर पटकन देऊन टाकू नका, पुन्हा कार्डही दाखवू नका. 'वॉज'ला 'सॉ' म्हटलं तर डावीकडच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवा, त्याचा आवाज विचारा, आणि बोट हळूहळू उजवीकडे नेत शब्द संपेपर्यंत थांबा.